व्रत आपलं, ओझं दुसऱ्यावर का?



चीनहून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिरात दर्शनाला गेले, तर पायऱ्यांवरच चौघीजणींनी गाठलं. पहिला प्रश्न, "जेवणाचं काय केलं?" दुसरा, "रात्रीचं काय?" तिसरा, "आणि पाणी?" नदी कशी होती, जहाज कसं होतं, हे कुणी विचारलंच नाही. मला हसू आलं. पण खरं सांगायचं तर जायच्या आधी मीसुद्धा टूरवाल्यांना हेच तीन प्रश्न विचारले होते, आणि तेही तीनदा फोन करून.

म्हणून आज नदीचंही सांगते आणि जेवणाचंही. जहाजावरच्या एका दिवसाचंच सांगणार आहे, कारण त्या एका दिवसात माझं एक मत बदललं. तुम्हाला ते पटेलच असं नाही.

आम्ही एप्रिलच्या शेवटी गेलो. गटात सव्वीस माणसं, त्यात आम्ही चौदा जैन. माझ्यासोबत माझ्या मोठ्या जाऊबाई होत्या. चोंगछिंग शहरातून जहाजात बसायचं, तीन रात्री जहाजावर राहायचं आणि यीछांगला उतरायचं. नदीचं नाव आपण यांगत्से म्हणतो, तिथले लोक छांगच्यांग म्हणतात, म्हणजे लांब नदी. नाव खोटं नाही. सुमारे ६,३०० किलोमीटर. आपली गोदावरी १,४६५. आणि आमच्या हिंगोलीची कयाधू तर उन्हाळ्यात नुसती वाळू दाखवते. एवढं पाणी, तेही एप्रिलमध्ये, पाहून जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हे गाळायचं म्हटलं तर किती गाळणी लागतील?"

तर तिसरा दिवस.

सकाळी सहाला जाग आली. केबिनमध्ये किटली होती. पाण्याची जी काळजी मी घरून नेली होती, ती तिथे पहिल्याच दिवशी मिटली. चिनी माणूस उन्हाळ्यातसुद्धा गरम पाणी पितो. विमानतळ, स्टेशन, हॉटेल, जहाज, जिथे जाल तिथे उकळत्या पाण्याची सोय. आपण पिढ्यान्‌पिढ्या पाणी गाळून, उकळून पितो आणि समजतो की हे फक्त आपलंच. इथे तर सगळा देश उकळलेलं पाणी पीत होता. त्यांचं कारण वेगळं, आपलं वेगळं, पण पेला तोच.

साडेसहाला वरच्या डेकवर ताई-ची नावाचा व्यायाम असतो. एक म्हातारे गृहस्थ शिकवत होते. हात इतके सावकाश फिरवायचे की हवेतला डासही दचकू नये. मी एका कोपऱ्यात उभी राहून णमोकार म्हटला. कुणी बघितलं नाही, कुणाला त्रास झाला नाही.

न्याहारीनंतर लगेच सगळ्यांना डेकवर बोलावलं. छूथांग नावाची घळ येत होती. तीन मोठ्या घळींमधली ही सगळ्यात लहान, जेमतेम आठ किलोमीटर, पण सगळ्यात देखणी. दोन्ही बाजूंनी सरळ कापल्यासारखे कडे आणि मधून नदी. चीनच्या दहा युआनच्या नोटेच्या मागे हेच दृश्य छापलेलं आहे, म्हणून सगळे हातात नोट धरून फोटो काढत होते. आम्हीही काढले.

आमची गाईड तिथलीच एक मुलगी होती, इंग्रजी चांगलं बोलायची. तिने सांगितलं की पूर्वी इंजिनं नव्हती तेव्हा प्रवाहाच्या उलट नाव न्यायची म्हणजे माणसं काठावरून चालत बांबूच्या दोरखंडांनी ती ओढायची. पिढ्यान्‌पिढ्या दोर घासून खडकात खोबणी पडल्या. नावेतला व्यापारी म्हणायचा, मी एवढा प्रवास केला. चालायचे मात्र दुसऱ्याचेच पाय. हे वाक्य तेव्हा सहज मनात आलं आणि मग दिवसभर सुटलं नाही.

वूशान गावापाशी मोठं जहाज थांबलं आणि आम्हाला छोट्या बोटीत बसवलं. तिथे दानिंग नावाची उपनदी येऊन मिळते. तिच्यातही अशाच घळी आहेत, त्यांना छोट्या तीन घळी म्हणतात. पाणी हिरवंगार. कड्यावर माकडं होती, अगदी पिल्लं पोटाशी धरलेली. उंच कपारीत जुन्या काळी ठेवलेली एक शवपेटी दाखवली. कड्याच्या पोटात ओळीने चौकोनी भोकं होती. त्यात लाकडं रोवून त्यावर फळ्यांचा रस्ता केलेला असे.

तिथे गाईड म्हणाली, "आता आपण ज्या पाण्यावर आहोत, त्याच्या खाली माझ्या आजीचं घर आहे."

बोटीतली बडबड थांबली. पुढे या नदीवर जगातलं सगळ्यात मोठं जलविद्युत धरण आहे. २,३३५ मीटर लांब, २२,५०० मेगावॉट वीज. १९९४ मध्ये काम सुरू झालं. पाणी चढत गेलं आणि तेरा लाखांपेक्षा जास्त माणसांना घरं सोडावी लागली. जुनं वूशान पाण्याखाली गेलं, नवं वर डोंगरावर वसवलं. मला आमच्या कळमनुरी तालुक्यातलं पैनगंगेवरचं ईसापूर धरण आठवलं. त्या पाण्यावर कितीतरी शेतं उभी आहेत, आणि कितीतरी जणांची शेतं त्याच पाण्याखाली गेली आहेत. आपण बटण दाबतो, दिवा लागतो, नळ सोडतो, पाणी येतं. त्याचा हिशोब कुणाच्या नावावर पडला हे कोण बघतं?

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. जाऊबाईंनी विचारलं होतं, एवढी मोठी नदी, मग मासेमारी करणारी एकही नाव कशी दिसत नाही? तर १ जानेवारी २०२१ पासून या नदीत दहा वर्षं मासेमारी पूर्ण बंद आहे. ऐकून आमच्या बायकांनी हातच जोडले. केवढा मोठा अभयदानाचा निर्णय! पण तो काही दयेपोटी झालेला नाही. नदीतले मासे संपत आले होते. इथली ती प्रसिद्ध पांढरी डॉल्फिन २००६ च्या शोधात एकही सापडली नाही. तिथला एक फार मोठा मासा तर जगातून नाहीसा झाल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. म्हणून बंदी. आणि त्या बंदीपायी दोन लाखांहून जास्त कोळ्यांना जाळी ठेवून द्यावी लागली. सरकारने त्यांना भरपाई आणि दुसरी कामं दिली, पण बापजाद्यांचा धंदा सुटला तो सुटलाच. मासे वाचले हे फार चांगलं झालं. तरी संयम सगळ्या देशाचा आणि उपास त्या कोळ्यांचा, असं मला वाटून गेलं.

दुपारी जहाजावर परतलो आणि जेवायला बसलो. आता मूळ मुद्द्यावर येते.

जहाजावर गोल टेबल असतं, मध्ये फिरती काच. तिच्यावर एकेक पदार्थ आणून ठेवतात. आम्ही टूरचे पैसे भरताना 'जैन जेवण' असं लिहून दिलं होतं. आता मला सांगा, यांगत्से नदीवरच्या आचाऱ्याला 'जैन' हा शब्द कुठून कळणार? आमच्या टूर मॅनेजरने, पुण्याचा पोरगा, त्याला 'व्हेजिटेरियन' सांगितलं होतं. आचाऱ्याने मांस घातलं नाही. त्याच्या परीने काम झालं.

पहिलं आलं ते बटाट्याचे बारीक काप. परत पाठवले. दुसरं आलं कमळकाकडी. तीही कंद, परत. कोबीत लसूण दिसला, परत. सूपमध्ये अळंबी, परत. वाढायला एक वीस-बावीस वर्षांची मुलगी होती. तिला आमची भाषा कळत नव्हती, आम्हाला तिची. प्रत्येक वेळी ती ताटली उचलायची, मान लववून स्वयंपाकघरात जायची, दुसरी आणायची. आमच्यातल्या एका ताई मोठ्या आवाजात म्हणाल्या, "पैसे मोजलेत आम्ही, फुकट नाही खात." दोघीतिघींनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग टोफू आला. मला वाटलं, हा तळला कशात असेल? डुकराच्या चरबीत तर नाही? तिकडे चरबीत तळायची रीत आहे आणि भाजीत कोंबडीची पावडर घालायचीही, हे मी वाचून गेले होते. मी हाताने खुणा करून विचारलं. तिला वाटलं, मला आवडला नाही. ती घेऊन गेली आणि दुसरा टोफू घेऊन आली. मी पुन्हा नको म्हटलं. ती तिसऱ्यांदा गेली, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी तिचा वरिष्ठ उभा होता. तो तिला काहीतरी बोलला. भाषा कळली नाही, पण रागावणं कळायला भाषा लागत नाही. ती खाली मान घालून उभी होती. तिच्या हातातली ताटली माझी होती.

त्यानंतर मी घरून नेलेली दशमी आणि चटणी काढली आणि गप्प जेवले. दशमी तर पहिल्यापासून माझ्या पिशवीतच होती!

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. आयुष्य घरात गेलं तरी डोक्यातला जमाखर्च गेलेला नाही. केबिनमध्ये येऊन मी हिशोब मांडला. सात ताटल्या परत गेल्या. त्यातला बटाटा आधीच चिरलेला, कमळकाकडी आधीच शिजलेली. आम्ही परत पाठवल्याने एकही जीव वाचला नाही. ते अन्न टाकलं गेलं आणि त्याच्या जागी दुसरं शिजलं, म्हणजे पुन्हा पाणी, पुन्हा आग, पुन्हा भाजी. आरंभ दुप्पट झाला. वर एका परक्या मुलीला आमच्यापायी बोलणी बसली. जमेच्या बाजूला काय? एवढंच की आम्ही 'पाळलं'.

दुपारी मी आणि जाऊबाई गाईडला शोधत गेलो. टूर मॅनेजरलाही बोलावलं. मी म्हटलं, "बाळा, आधी त्या मुलीची माफी मागायची आहे आणि मग आम्हाला काय चालतं ते नीट सांगायचं आहे." गाईडला सगळं समजावलं. मांस, मासा, अंडं नाही. कांदा, लसूण नाही. तिने मध्येच विचारलं, "म्हणजे मंदिरातल्या भिक्षूंसारखं?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. तर मैत्रिणींनो, चीनमध्ये बौद्ध विहारांतलं जेवण मांसमासा तर सोडाच, कांदा-लसणाशिवायही असतं. सहाव्या शतकात तिथे लियांग घराण्याचा वू नावाचा राजा होऊन गेला. त्याने भिक्षूंना मांस आणि मद्य बंद केलं. पाच उग्र वासाच्या गोष्टी ते वर्ज्य मानतात. कांदा, लसूण त्यात आहेतच, आणि पाचवी कोणती म्हणाल तर आपला हिंग! आपण कांदा-लसूण सोडून ज्याच्यावर फोडणी भागवतो, तो हिंगही त्यांना चालत नाही. जाऊबाई म्हणाल्या, "घे, इथे आपल्यापेक्षाही कडक निघाले." बटाटा, कंद मात्र ते खातात. अशा जेवणाला त्यांच्याकडे 'सू' असा एवढासा शब्द आहे. चौदा जणींनी तीन दिवस 'जैन, जैन' म्हणून ओरडण्यापेक्षा हा एक अक्षरी शब्द पाठ केला असता तर निम्मं काम झालं असतं.

शाळेत आपण ह्यू एन त्संगचा धडा शिकलो. तो सातव्या शतकात पायी भारतात आला, पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही आला. निर्ग्रंथ साधूंबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. तो आपल्याकडे येऊन आपण काय पाळतो ते बघून गेला. आपण त्यांच्याकडे जाताना ते काय पाळतात हे विचारायचं आपल्याला सुचलं नाही.

गाईडने एका कार्डावर चिनी भाषेत सगळं लिहून दिलं. बटाटा, कंद, अळंबी, मध, चरबी, कोंबडीची पावडर, सगळं. ते कार्ड मी जपून आणलं आहे.

संध्याकाळी वेगळाच वाद झाला. जहाज वू घळीतून चाललं होतं. ही सुमारे ४५ किलोमीटरची, धुक्याची, दोन्हीकडे शिखरंच शिखरं. एका शिखरावर बाईच्या आकाराचा उभा दगड आहे. ती देवकन्या होती, पुरात सापडलेल्या माणसांना मदत करायला उतरली आणि तिथेच दगड होऊन राहिली, अशी गोष्ट सांगतात. सगळे मान वर करून बघत होते आणि आमच्या बायका घड्याळ बघत होत्या. पाच वाजायच्या आधीच सूर्य डोंगराआड गेला. एक म्हणाली, झाला सूर्यास्त, आता काही खायचं नाही. दुसरी म्हणाली, मोबाइल सांगतो सव्वासात. तिसरीचं घड्याळ अजून भारताच्याच वेळेवर होतं, अडीच तास मागे. मोठा देश, पण सगळ्या देशाला एकच वेळ, त्यामुळे पश्चिमेकडे दिवस उशिरा मावळतो.

मी म्हटलं, डोंगर आडवा आला म्हणून सूर्य मावळत नाही, ढग आले म्हणून तरी मावळतो का? सूर्यास्त सव्वासातचा धरू आणि दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधी, साडेसहाच्या आत आवरू. हे सगळ्यांना पटलं. प्रश्न उरला तो जहाजाच्या जेवणाचा. ते सातला होतं, कप्तानाची निरोपाची मेजवानी. पुन्हा आवाज चढले. "त्यांनी आपल्यासाठी लवकर लावायला पाहिजे." मेजवानी दोनशे माणसांची होती आणि आम्ही होतो चौदा.

तेव्हा गाईडने एक साधी गोष्ट सांगितली. जहाजावर काम करणारी माणसं मेजवानीच्या आधी, साडेपाचच्या सुमाराला जेवून घेतात. त्यांच्या वेळेला बसायला चालेल का?

चौदापैकी आम्ही तिघी गेलो. बाकीच्यांनी केबिनमध्ये खाकरे, फळं खाल्ली. तेही ठीकच होतं. आम्हाला एका कोपऱ्यात बसवलं. आचाऱ्याने कार्ड वाचलं, हात जोडले आणि घासलेल्या भांड्यात पालेभाजी नुसती मीठ घालून उकडून दिली, वाफवलेला टोफू आणि भात. जाऊबाईंनी भांड्यांचा विचार करून टोफू-भाजीही घेतली नाही, कुकरमधला भात आणि घरचं लोणचं एवढंच जेवल्या. मी घेतली. त्या मला काही बोलल्या नाहीत, मी त्यांना काही बोलले नाही. प्रत्येकीची मर्यादा प्रत्येकीची.

दुपारची मुलगी पलीकडच्या टेबलावर घाईघाईने जेवत होती. गाईडच्या मदतीने मी तिला सांगितलं, "तुझी चूक नव्हती, आमची होती. क्षमा कर." ती गोंधळली, मग हसली, आणि आमच्या पेल्यांत गरम पाणी ओतून गेली. आपण दरवर्षी पर्युषणानंतर एकमेकींना क्षमा मागतो. बहुतेक वेळा ज्यांच्याशी काही बिघडलेलंच नसतं त्यांना. इतक्या वर्षांत मला वाटतं ही माझी पहिली खरी क्षमापना.

साताच्या मेजवानीला आम्ही गेलो, रिकामे पेले पुढ्यात ठेवून टाळ्या वाजवल्या. कुणाचं काही अडलं नाही.

रात्री जहाज धरणाच्या पायऱ्या उतरत होतं. पाण्याचे पाच हौद आहेत, एकाखाली एक. हौदाचं दार बंद होतं, पाणी उतरतं, त्याबरोबर जहाज खाली येतं, मग पुढचं दार उघडतं. तीन-चार तास लागतात. मी केबिनच्या खिडकीशी सामायिकाला बसले, पण मन दुपारच्या ताटलीपाशीच होतं. बाहेर ओली सिमेंटची भिंत हळूहळू वर जात होती.

समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात गुणव्रतं सांगितली आहेत, तुम्ही स्वाध्यायात ऐकली असतील. दिग्व्रतात अमुक नदी, अमुक डोंगर, अमुक समुद्र यांपलीकडे जाणार नाही अशी मर्यादा घालून घ्यायची. म्हणजे आचार्यांनी प्रवासच बंद करा असं म्हटलेलं नाही, मर्यादा आधी ठरवा असं म्हटलं आहे. भोगोपभोग परिमाणात काय आणि किती भोगायचं ते मोजून घ्यायचं. आणि अनर्थदंडात प्रमादचर्या म्हणून एक दोष सांगितला आहे. कारण नसताना माती, पाणी, आग, वारा यांना त्रास देणं, झाडपाला तोडणं, विनाकारण स्वतः हिंडणं आणि दुसऱ्याला हिंडवणं. दुसऱ्याला हिंडवणं! हा शब्द मी किती वर्षं वाचला असेल, पण त्याचा अर्थ मला त्या मुलीच्या पायांनी शिकवला. आम्ही कंदमूळ सोडण्यासाठी तिला टेबल ते स्वयंपाकघर हिंडवत होतो. एक व्रत सांभाळायला दुसरं मोडत होतो, आणि मोडलेलं आमच्या ध्यानीही नव्हतं.

आता माझं मत सांगते. आपल्यात दोन बाजू आहेत. एक म्हणते, पाळायचं असेल तर असल्या देशात जाऊच नये. दुसरी म्हणते, परदेशात सगळं चालतं, आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं. मला दोन्ही पटत नाहीत. साठीपर्यंत आपण घर, सासर, मुलं, सणवार यांत जग पाहिलेलं नसतं. गुडघे चालतात तोवर जावं, जरूर जावं. आपल्या पुराणांतले व्यापारीसुद्धा समुद्र ओलांडून गेलेच की. श्रीपाल राजाची गोष्ट आपण अष्टाह्निकेत ऐकतो, तोही जहाजातच होता. आणि नियम घरी ठेवून जायचे असतील तर ते नियम नव्हते, नुसती सवय होती.

पण नियम बरोबर न्यायचा तर त्याचं वजन आपण उचलायचं. सोडण्याचा आनंद आपला, मग सोडण्याची तोशीसही आपलीच. 'पैसे मोजलेत' हे कारण मुळीच चालणार नाही. पैशाने खोली मिळते, दुसऱ्याचा अपमान करायचा हक्क मिळत नाही. 'जैन जेवण' हे टूरवाल्याकडून विकत घ्यायची वस्तू झाली की आपण गिऱ्हाईक होतो, श्राविका राहत नाही. गिऱ्हाईक मागतं. श्राविकेने कमी करायचं असतं.

कुणी म्हणेल, मागितलं नाही तर मिळणार कसं? बरोबर आहे. सांगायलाच हवं, पण आधी, नीट आणि समोरच्याला कळेल अशा शब्दांत. ताट पुढ्यात आल्यावर नव्हे. मी आता जाणाऱ्या बायकांना तीन गोष्टी सांगते. आपली मर्यादा घरून निघतानाच ठरवा आणि त्या देशाच्या भाषेत कार्डावर लिहून घ्या. दोन वेळचं कोरडं खाणं रोज पिशवीत ठेवा आणि शंका आली तर ते काढा, ताटली परत पाठवू नका. आणि वेळ जुळत नसेल तर त्यांची वेळ बदलायला लावण्यापेक्षा स्वतः एक वेळ सोडा. आपण एकाशन करतो, उपास करतो. मग जहाजावर एक जेवण चुकलं म्हणून एवढा गहजब कशाला?

हे सगळं लिहिताना मला वाटत होतं की ही परदेशातली गोष्ट आहे. मग परवा चतुर्दशी आली. घरी दोघांचा उपास, म्हणून सकाळी वेगळी भांडी, पारण्याच्या तयारीची वेगळी, पाण्याची वेगळी. भांडी घासायला येणाऱ्या मावशी ओट्यापाशी उभ्या. ढीग बघून काही बोलल्या नाहीत, पदर खोचला आणि बसल्या. दशलक्षणात तर दहा दिवस हेच चालतं. उपास माझा आणि घरी जायला उशीर त्यांना. इतकी वर्षं त्या माझ्या व्रताची भांडी घासत आल्या आहेत आणि माझ्या जमाखर्चात त्यांची नोंदच नव्हती.

मी त्यांना म्हटलं, "मावशी, पर्वाच्या दिवसांची भांडी मी घासत जाईन, तुम्ही रोजचीच घासा. पगार तोच राहील." त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मला चीनमध्ये काहीतरी बाधलं असावं. म्हणाल्या, "तुमच्यानं होणार हाय का, बाई?"

बघू. भाद्रपद फार लांब नाही.